सोमवारची सुस्त कांडी

सोमवारची कांडी सुस्त असते आणि शनिवारची चपळ, हे लक्षात आलं तेव्हा प्रांजल ताजणेला आधी स्वतःचंच हसू आलं. कोळशाला काय ठाऊक वार? दगडाला का कुठे आठवडी बाजाराला जायचं असतं?

पण कांडीनं किती वायू दिला ते दाखवणारी पडद्यावरची रेघ ऐकायला तयार नव्हती. सोमवारी खाली, मंगळवारी बोटभर वर, बुधवारी आणखी थोडी, असं पायरी पायरीनं चढत ती शनिवारी माथ्यावर जाऊन बसायची. पुढच्या सोमवारी धप्पकन पायथ्याशी. अकरा आठवडे झाले होते. अकरा जिने एकापुढे एक उभे होते, आणि ते कोण चढतंय ते मात्र दिसत नव्हतं.

कोसारखेडची खाण बंद झाली, त्याला आठ वर्षं झाली होती. चांगला कोळसा देशोदेशी गेला. मागे उरले चुऱ्याचे काळे डोंगर. वारा सुटला की गावातल्या दोरीवरचे कपडे करडे व्हायचे, यापलीकडे त्या चुऱ्याचा कुणाला उपयोग नव्हता. आणि गावाच्या चारी अंगांना कपाशी अन् तूर. पीक निघालं की उरलेल्या पऱ्हाट्या-तुराट्या लोक शेतातच पेटवून द्यायचे. इकडे काळा डोंगर, तिकडे काळा धूर. या दोघांची सोयरीक जुळवली ती वाफभट्टीनं. चुरा आणि काड्यांचा भुसा कालवायचा, साच्यात दाबून वीतभर लांबीच्या कांड्या करायच्या, आणि त्या भट्टीत सोडायच्या. जाळायच्या मात्र नाहीत. आठशे अंशांच्या उष्णतेत त्यांच्यातून वाफ फुंकायची.

चुलीसमोर बसलेल्या कुठल्याही बाईनं हे पाहिलेलं असतं. लाल निखाऱ्यावर पाण्याचा शिंतोडा पडला की चर्र होतं, आणि विझता विझता क्षणभर एक निळसर जीभ वर उठते. निखारा पाण्याच्या पोटातला प्राणवायू ओढून घेतो. मागे उरतो तो हायड्रोजन मोकळा सुटतो. चुलीत जे डोळ्याच्या पापणीइतकं टिकतं, ते वाफभट्टीत दिवसभर चालतं. तिथल्या हायड्रोजनवर वणीच्या बसगाड्या धावत होत्या. उरलेला कर्बवायू नळातून पुन्हा खाणीच्या रित्या पोटात दाबला जात होता.

अडचण एकच होती. कोळसा जात्याच संथ. वाफ दारात उभी राहिली तरी तो उठून दार उघडत नाही. काडीचं तसं नाही; ती पोरीसारखी धावत येते. दोघं एका कांडीत असली की पोरीच्या नादानं म्हाताराही उठतो. साचेघरातल्या बायकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण साचा दाबताना त्या म्हणायच्या:

काळा गं कोळसा, बाई, जुन्या वनाचा म्हातारा
पऱ्हाटी नात त्याची, हात धरून ने घरा

या बायका चाळीस होत्या. त्यांची मुकादम वनमाला ताजणे, म्हणजे प्रांजलची आई. गेल्या वर्षी पलीकडे दुसरं साचेघर उभं राहिलं, त्यात माणूस नव्हता. पोलादी हात चुरा मोजत, कालवत, दाबत. तोच चुरा, त्याच पऱ्हाट्या, तेच प्रमाण. पण यंत्राच्या कांडीला जितका वायू द्यायला आठशे साठ अंश लागायचे, तितका बायकांची शनिवारची कांडी सातशे ऐंशीलाच देऊन मोकळी व्हायची. यंत्राची रेघ सरळ होती आणि खाली होती. बायकांची जिन्यासारखी होती आणि वर होती.

"दसऱ्यानंतर एकच साचेघर राहणार," भट्टीचे व्यवस्थापक देवतळे साहेब म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता. वरून आलेलं तो खाली सांगत होता. "तुमच्या आईच्या कांडीत काही आहे, हे मला दिसतंय. पण नुसतं 'काही आहे' मी वर काय कळवू? कारण द्या, प्रांजल. कारण असलं तर मी भांडेन. नसलं तर तो योगायोग, आणि योगायोगावर भट्टी चालत नाही."

दसऱ्याला पाच आठवडे होते.

*

साचेघरात ती शिरली तशी सगळ्यात वडील पंचफुलाबाई ओरडली, "आली वं, नाकाडीची मालकीण आली!"

वायू हुंगून त्यात काय काय आहे ते सांगणाऱ्या यंत्राला बायकांनी नाकाडी नाव ठेवलं होतं. प्रांजल दिवसभर त्याच्यापाशी बसते, म्हणून ती मालकीण.

"मावशी, एक सांगा. शनिवारी तुम्ही काही वेगळं करता का?"

"शनिवार मारुतीचा वार. जोर येते अंगात."

"आन् सोमवारी आमचा उपास," दुसरीनं सूर लावला. "उपाशी बाईनं साचा दाबला, तं कांडी उपाशीच राहीन ना!"

"तुह्या नाकाडीले म्हणाव, सोमवारी साबुदाणा चारत जाय आमाले."

हशा पिकला. प्रांजलनं साच्याचा दाब मोजला; सगळे वार सारखे. ओल मोजली, चाळणी पाहिली, भुशाची धार पाहिली. कांड्या भट्टीच्या उरल्या उबेवर सुकून दुसऱ्या दिवशी आत जात, तेही रोज तसंच. वनमालाबाई कमरेवर हात ठेवून लेकीची ही धावपळ बघत होती.

"काऊन एवढी खालीवर होऊन राहिली? हाताचा गुण असते एकेकीच्या. तुह्या आजीच्या हातची भाकर फुगे, माह्या हातची नाई फुगत. त्याचं कोणतं यंत्र हाये?"

"आई, हाताच्या गुणाला वार नसतो."

जेवणाची सुट्टी झाली. बायका कोपऱ्यातल्या दगडी हौदापाशी गोळा झाल्या. प्रांजल हे वर्षानुवर्षं बघत आली होती, म्हणूनच तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. कोळशाची काळोखी साबणाला दाद देत नाही. नखांच्या कडांत ती घर करून बसते. म्हणून साचेघरामागे आघाडा जाळायचा, ती राख फडक्यात बांधून हौदात सोडायची. तळव्यावर तेलाचे दोन थेंब चोळायचे, कोपरापर्यंत हात त्या पाण्यात घालायचे. राखेचा खार आणि तेल यांचं आत काय साटंलोटं होई कोण जाणे, पण काळे हात बाहेर निघताना हातांसारखे दिसत.

आईनं हात झटकला. हौदाच्या काठावर तिची निळी बांगडी आपटली, तुकडा उडाला.

"वाढवली वं बांगडी," पंचफुलाबाई म्हणाली. प्रांजलनं तुकडा उचलून ओढणीच्या टोकाला बांधला, कुणाच्या पायात जायला नको म्हणून. आणि वर पाहते तो पंचफुलाबाईनं हौदातल्या काळ्या पाण्याच्या दोन बादल्या भरल्या आणि जाऊन कालवणाच्या खड्ड्यात, चुऱ्यावर ओतल्या. मग दोन पुन्हा.

"मावशी! हे काय करता?"

"उद्याचा चुरा भिजत घालून राहिली."

"या पाण्यात?"

"मंग कोणत्या?" पंचफुलाबाईला प्रश्नच कळला नाही. "टँकरमागं घागरी घेऊन धावलेल्या बाया आमी. पाणी का सांडून देऊ?"

भिंतीवर कंपनीची पाटी होती: कालवणात फक्त स्वच्छ पाणी वापरावे, धुण्याचे पाणी गटारात सोडावे. पाटीचा खालचा अर्धा भाग ओलीनं कधीच गळून गेला होता.

प्रांजलचा आवाज बारीक झाला. "हौद रिकामा कधी करता?"

"रविवारी खरडून काढतो," वनमालाबाई म्हणाली. "मंग कोरं पाणी भरतो, सोमवारचा चुरा त्यातच भिजते. मंग रोज त्यात राख पडत जाते. काऊन?"

सोमवारी कोरं पाणी. रोज थोडी राख. शनिवारी दाट. अकरा जिने कोण चढत होतं, ते प्रांजलला दिसलं.

*

हौदातलं वाटीभर पाणी तिनं प्रयोगशाळेत आटवलं. तळाशी करडी खरपुडी उरली. तारेच्या टोकावर कण घेऊन ज्योतीत धरला. ज्योत पिवळीजर्द झाली. पिवळा म्हणजे सोडियम, मिठाचा सोयरा. तो घामातही असतो, धुळीतही. लग्नातल्या बँडसारखा एवढा वाजतो की बाकी कुणाचं ऐकू येत नाही. त्याच्या मागे कोण आहे ते बघायला निळी काच लागते. निळी काच पिवळ्याला अडवते.

निळी काच. तिनं ओढणीची गाठ सोडली. आईच्या बांगडीचा तुकडा डोळ्याशी धरला.

पिवळा पडदा सरकला. मागे एक नाजूक, लाजरी, जांभळी ज्योत उभी होती.

पोटॅशियम. आघाड्याच्या राखेत ते खच्चून भरलेलं असतं. पाण्यात विरघळून ते रात्रभर चुऱ्याच्या कणाकणात मुरत होतं, आणि भट्टीत करवलीचं काम करत होतं. करवली नवरीसोबत जाते, तिचा हात धरून तिला नव्या घरी पोचवते. स्वतः मात्र जशी गेली तशी परत येते, पुढच्या लग्नाला मोकळी. पोटॅशियमही तसंच वाफेपाशी जायचं, प्राणवायूचा हात धरून त्याला कोळशाच्या दारात सोडायचं, आणि मागे फिरायचं. म्हाताऱ्याचं दार आतून उघडणारी पोर पऱ्हाटी एकटी नव्हती. दुसरी होती, ती हात धुतलेल्या पाण्यातून यायची.

प्रांजल हसली. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं.

कारण सापडलं होतं, आणि ते साच्यात नव्हतं, हातात नव्हतं. जे पाणी गटारात जायला हवं होतं, त्यात ते होतं. हे लिहिलं तर पहिली ओळ अशी होणार: चाळीस बायकांनी नियम मोडला. आणि दुसरी अशी: यंत्राच्या कालवणात पोटॅश टाका. तिसरी ओळ लिहायची गरजच उरणार नव्हती.

*

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. प्रांजलनं सगळं सांगितलं. काहीही न गाळता, जांभळ्या ज्योतीसकट.

तव्यावरची भाकरी करपली तरी वनमालाबाईनं उलटली नाही.

"मंजे हात नाई," ती शेवटी म्हणाली. "हाताचं धुवण."

"आई..."

"सात वरसं आमी मिरवून राहिलो. साहेब म्हणे, बाई, तुमच्या हातात जादू हाये. आमाले वाटे, असंन बा." ती हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "आन् जादू कुठं, तं मळात."

"मी नाही लिहीत. 'हातसाच्याचा दाब समान बसतो' असं काहीतरी लिहिते. साहेबांना पटेल. मलाही पटेल असं लिहिते."

"पटंन तुले?"

प्रांजलनं तव्याखालची आच कमी केली.

"लहानपणी भुलाबाईची खिरापत वळखायले बसे तू. बाकी पोरी हरल्या म्हणून उठून जात. तू डब्याले नाक लावून बसून राहे, आंधार पडेस्तोवर. आन् आता डबा उघडून पाहिला, तं झाकण लावतो म्हणते?" आईनं करपलेली भाकरी ताटात घेतली. "पण एक सांग. तुह्यं खरंच हाये, हे कायवरून? पाण्यानंच होते, हातानं नाई, हे पायलं कोणं?"

"एक आठवडा ते पाणी न घालता कांड्या केल्या तर दिसेल. साध्या पाण्यात."

"मंग हात कायनं धुवाचे?"

"हौदात धुवा, पाणी गटारात सोडा."

"पंचफुला सोडू देईन? तिचा जीव जाईन." वनमालाबाईनं पदराला हात पुसले. "त्यापेक्षा हौदच कोरडा ठेवतो. आठ दिवस काळ्या हातानं राहू. पाहूनच घेऊ एकदा."

*

त्या आठवड्यात कोसारखेडला चाळीस बायका काळ्या हातांच्या फिरल्या. साबणानं वरवरचं निघे, नखं आणि रेषा तशाच. कुणी चमच्यानं भात खाल्ला, कुणाच्या नवऱ्यानं कणीक मळली. गावात भुलाबाई बसल्या होत्या. पोरींची गाणी झाली, खिरापत ओळखून झाली, आणि वाटायला वनमालाबाईनं हात पुढे केला तर एक चिमुरडी म्हणाली, "आजी, तुमच्या हाताची रेषा दिसते सगळी. काळ्या शाईनं काढली का?"

"हो वं. वाच बरं, काय लिवलं हाये?"

पोरगी वाकून बघत राहिली. "अजून शाळेत शिकवलं नाही," ती म्हणाली.

साचेघरात मात्र सगळ्यांना गंमत वाटत नव्हती. शोभा नावाची बाई साचा दाबता दाबता फणकारली, "मुकादमीनबाई, हे म्हंजे आपलीच फांदी आपणच तोडून राहिलो. पाणी घाला गुपचूप, आन् मोकळ्या व्हा."

"आन् पुढच्या साली कोणं दुसऱ्यानं पायलं तं?" वनमालाबाई म्हणाली. "तवा काय म्हणशीन? आमाले मालूमच नव्हतं? मले मालूम करून घेऊ दे. मालूम असलेल्या बाईले हुसकवाले जरा जड जाते."

रोज सुट्टीत ती नाकाडीपाशी येऊन उभी राहायची. सात वर्षं शेजारी असलेल्या या खोलीत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. मंगळवार. बुधवार. रेघ सोमवारच्या उंचीवर आडवी पडून होती. गुरुवारी आई लेकीपेक्षा आधी म्हणाली, "चढली नाई." शनिवारची कांडी भट्टीत गेली, आणि रेघ उठली नाही ती नाहीच. अकरा जिन्यांच्या पुढे एक सपाट ओसरी.

वनमालाबाईनं काचेवर बोट ठेवून ती ओसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. काळ्या बोटाचा ठसा मागे राहिला.

"तुह्यंच खरं हाये," ती म्हणाली. आवाजात हरल्याचं दुःख होतं, पण आणखीही काही होतं. प्रांजलनं ते ओळखलं, कारण ते तिच्या स्वतःच्या आवाजात नेहमी असायचं. "आता असं सांग, राख दुप्पट टाकली तं शनिवार मंगळवारीच येईन का?"

*

साहेबांना प्रांजलनं अहवाल दिला तेव्हा शेजारी आई उभी होती. बोलली तीच.

"साहेब, तुमचा नियम आमी मोडला. सात वरसं मोडला. पोरीच्या कागदात लिवलं हाये, पण तोंडानं आमीच सांगतो."

देवतळे साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हात धुतलेलं पाणी," ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांना हसू आवरलं नाही. मग ते गंभीर झाले. "बाई, तुम्हाला कळतंय ना, यंत्राला हे उद्या शिकवता येईल?"

"शिकवा."

दुसऱ्याच दिवशी यंत्राच्या कालवणात पोटॅशची पूड पडली. सगळे नाकाडीभोवती जमले. रेघ चढली. दोन पायऱ्या चढली, आणि तिथेच दमून बसली. साहेबांनी पूड दुप्पट केली. अर्धी पायरी आणखी. भट्टीच्या तळाशी मात्र जास्तीच्या पोटॅशनं वितळलेल्या राखेचे काचेसारखे गोळे जमू लागले.

"किती वेळ भिजवलं?" मागून वनमालाबाईनं विचारलं.

"भिजवायचं कशाला? पूड मिसळली आहे, अगदी समान."

"साहेब, कोरडं पीठ तव्यावर टाकून भाकर होते का? आमचा चुरा रातभर पाणी पेतो. खार त्याच्या पोटात जाते. तुमचा नुसता अंगाले लागला."

साहेबांनी प्रांजलकडे पाहिलं. तिनं मान हलवली. बरोबर होतं. बाहेर बसलेली करवली दार उघडू शकत नाही; तिला आधी घरात शिरावं लागतं. आणि चुरा किती प्यायला, हे ज्यानं रोज हातानं चिवडलं आहे त्यालाच कळतं.

दसऱ्याला निकाल लागला. तो पुरता गोड नव्हता. हातसाचे गेले. हौद आणि खड्डा राहिला, किंबहुना तसे आणखी चार वाढले. आघाडा लावायचा, जाळायचा, खार काढायचा, चुरा मुरवायचा, तो यंत्राच्या तोंडाशी नेऊन द्यायचा. एवढ्या कामात चाळीसपैकी सव्वीस जणी मावल्या. बाकीच्या पऱ्हाट्या गोळा करायच्या कामावर, उन्हातान्हात. शोभा त्यातलीच. जाताना ती प्रांजलला म्हणाली, "तुह्या नाकाडीनं आमचा साचा खाल्ला वं."

पंचफुलाबाईनं आपण होऊन काम सोडलं. "माही जागा शोभीले द्या," ती म्हणाली. "पाणी सांडू देऊ नका म्हणजे झालं." शेवटच्या दिवशी हौदाच्या काठावर बसून, हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून तिनं ओवी म्हटली. या साचेघरातली ती शेवटची, आणि कुणी आधी कधी न ऐकलेली:

हाताची गेली काळोखी, पाण्यात उतरली
पाण्याचा झाला जाळ, ज्योत जांभळी फुलली

*

आठवड्यानं वनमालाबाई भर दुपारी प्रयोगशाळेत आली. पदरात चार पुरचुंड्या, प्रत्येकीची गाठ वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची.

"ही आघाड्याची. ही तिळाच्या काडीची. ही केळीच्या खांबाची. ही पळसाची. कोणतीत खार किती हाये, ते पाह्याचं हाये."

"आई, जेवली का?"

"जेवण कुठं जाते? थो दिवा लाव."

प्रांजलनं ज्योत लावली. तारेवर आघाड्याचा कण धरला. ज्योत पिवळी झाली. आईच्या तळव्यावर तिनं तो निळा तुकडा ठेवला. वनमालाबाईनं एक डोळा मिटला, दुसऱ्याला आपल्याच बांगडीची काच लावली, आणि श्वास रोखला.

"जांभळी," ती पुटपुटली. "हे आमच्या हौदात होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन् आमी रोज हात घालून राहिलो त्यात." काच तिनं डोळ्यापासून काढली नाही. दुसऱ्या हातानं चाचपडत, दातांनी ओढून, तिनं तिळाच्या राखेची गाठ सोडली. "आता ही दाखव."